सबनीसांच्या झोपेचा फॉर्म

सबनीसांचं डोकं मशीनमध्ये होतं आणि माझं ठिकाणावर नव्हतं.

दुपारचे तीन वाजले होते. कंट्रोल रूमच्या काचेतून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एमआरआयमध्ये माणूस आडवा आत गेला की पायच तेवढे बाहेर उरतात. पांढरे स्वच्छ पायमोजे, दोन्ही पावलं जुळवून ठेवलेली. एरवी असा न हलता पडून राहणारा माणूस मिळाला की मी खूश असते. त्या दिवशी मात्र मी त्या पायमोज्यांना मनातल्या मनात शिव्या हासडत होते. कारण वीस मिनिटांपूर्वी मी त्यांच्या बायकोचा हात पाहिला होता.

झालं असं की मशीनच्या खोलीत धातूचं काही नेता येत नाही. चुंबक इतकं जबरदस्त असतं की खिशातली किल्लीसुद्धा उडून जाते. म्हणून सबनीसांनी घड्याळ, साखळी, पट्टा एकेक काढून अनघाताईंच्या ओंजळीत ठेवलं. ओंजळ पुढे केली तशी त्यांच्या कुर्त्याची बाही वर सरकली. कोपराच्या खाली मुठीएवढा काळानिळा डाग. त्याच्या शेजारी दुसरा, जुना, पिवळा पडत आलेला. अनघाताईंनी झटकन बाही खाली ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. सबनीस तेव्हा वाकून बुटाची नाडी सोडत होते.

मी रंजना मेश्राम. एमआरआय रेडिओग्राफर. नागपूरला शिकले, तिथेच दहा वर्षं हॉस्पिटलात काढली, मग सिंगापूरला आले आणि मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका सेंटरमध्ये लागले. ही गोष्ट २०१६ची. मी डॉक्टर नाही. मी मशीन चालवते, फोटो नीट येतोय की नाही ते बघते. फोटोत काय दिसतंय ते सांगायचा मला अधिकार नाही. हे आमच्या मराठी मंडळींना शंभरदा सांगूनही प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी आपल्या गुडघ्याची फिल्म घेऊन माझ्यापुढे उभं राहतंच.

आमचा त्या वेळचा अभ्यास झोपेच्या एका आजारावर होता. आपण स्वप्न बघत असतो तेव्हा मेंदू आपल्या अंगाचे स्नायू बंद करून ठेवतो. म्हणून स्वप्नात आपण धावतो, पण पलंगावर गप्प पडून असतो. काही माणसांमध्ये हा बंद करायचा खटका नीट काम करत नाही. मग स्वप्नात धावणारा माणूस खरोखर पाय झाडतो, स्वप्नात भांडणारा खरोखर ओरडतो. त्याला आरबीडी म्हणतात. नुसतं एवढंच असतं तर आमच्या सेंटरनं त्यासाठी मशीन अडवून ठेवलं नसतं. पण यातल्या पुष्कळ जणांना पुढे, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, पार्किन्सन्स किंवा त्याच जातीचा मेंदू झिजण्याचा आजार होतो. हात थरथरायच्या कितीतरी आधी झोप बिघडलेली असते. ही झीज फोटोत आधी दिसते का, ते आम्ही शोधत होतो. त्यासाठी दोन गट होते: एक हा आजार असलेल्यांचा आणि दुसरा धडधाकट लोकांचा. या दुसऱ्यांना कंट्रोल म्हणतात.

सबनीस कंट्रोल होते. आणि त्यांना मी आणलं होतं.

वाचणाऱ्याच्या डोक्यात एव्हाना उजेड पडला असेल. माझ्या डोक्यात पडला नव्हता. रोज ज्या आजाराची माणसं मी मशीनमध्ये सरकवते, तो आजार ओळखीच्या घरात असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मला डाग दिसला आणि मी निकाल लावून मोकळी झाले. सबनीस बायकोला मारतो! हा सबनीस, जो आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावतो, जो आयटी कंपनीत मॅनेजर असूनही ऑफिसच्या चहावाल्या काकूंना वाकून नमस्कार करतो! गोड बोलणाऱ्यांचाच भरवसा धरू नये, असं मी स्वतःशी घोकत बसले होते. सबनीस वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, सत्तावन्नचे. पण मनात मी त्यांना अरेतुरे करत होते.

तेवढ्यात आमच्या बॉस डॉ. लिम आत आल्या. बाई जेमतेम पाच फूट, पण त्या खोलीत आल्या की आपोआप पाठ ताठ होते. त्या माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघायला लागल्या.

मेंदूच्या देठाजवळ एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी मेल्या की पार्किन्सन्स होतो. एका खास प्रकारच्या फोटोत निरोगी माणसाच्या त्या काळ्या भागात एक बारीक पांढुरकी रेघ दिसते आणि सगळं मिळून कोतवाल पक्ष्याच्या शेपटीसारखं, टोकाला दुभंगलेलं दिसतं. पार्किन्सन्समध्ये ती रेघ बहुतेक वेळा पुसली जाते.

डॉ. लिम म्हणाल्या, "हा कंट्रोल? उजवीकडची शेपटी कुठाय?"

"हलले असतील," मी म्हटलं. पण पायमोजे तसूभर हलले नव्हते, हे मला माहीत होतं.

"पुन्हा काढ."

पुन्हा काढला. डावीकडे रेघ होती. उजवीकडे असून नसल्यासारखी.

"हं," डॉ. लिम म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, वाक्याला इथल्या सवयीचा 'ला' जोडत म्हणाल्या, "असं बघू नकोस ला. एका माणसाच्या फोटोवरून काही कळत नाही. निरोगी माणसातसुद्धा कधी नीट येत नाही." आणि निघून गेल्या.

स्कॅननंतर सबनीसांना तासभर स्मरणशक्तीच्या टेस्टला बसवलं. शब्द लक्षात ठेवा, घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करत जा, असल्या. मी अनघाताईंना म्हटलं, चला, खाली कॉफी घेऊ.

खालच्या फूडकोर्टात जेवणाची गर्दी ओसरली होती. मी दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या, समोर बसले आणि सरळ विचारलं, "हाताला काय झालं?"

"कपाटाचं दार लागलं."

"दोनदा?"

त्या कपातला चमचा फिरवत राहिल्या. मी म्हटलं, "अनघाताई, कपाटं आमच्याही घरी आहेत. अहो, काहून लपवता? इथे मदत मिळते. मी स्वतः येते तुमच्यासोबत. मी काही घाबरत नाही सबनीसांना."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "ए वेडे! ते नाही गं मारत!"

"मग कोण मारतं?"

"तेच." आणि त्यांचे डोळे भरून आले. "पण ते झोपेत असतात, रंजना. त्यांना काहीच माहीत नाही."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. त्या पुढे सांगत गेल्या. सहा-सात वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी नुसतं बडबडणं. मग ओरडणं. मग लाथा, गुद्दे, एकदा कोपर असं बसलं की भुवई फुटली. कोणाला सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा त्या तिकडे झोपायला लागल्या. कारण सांगितलं, तुम्ही फार घोरता. ते आमच्या सगळ्या ग्रुपला माहीत होतं. सबनीसांचं घोरणं बेडोक भागातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये लिफ्टपर्यंत ऐकू येतं, अशी आम्ही त्यांच्या तोंडावर थट्टा करायचो आणि तेही हसायचे. आता महिन्यापूर्वी मुलगा सुट्टीत आला होता, त्याला त्याची खोली दिली, आणि तीन आठवडे अनघाताई पुन्हा मोठ्या पलंगावर. त्याचेच हे डाग.

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"भुवई फुटली तेव्हा खालच्या क्लिनिकमध्ये गेले होते. तिथली डॉक्टर दार लावून मला विचारते, घरी तुम्ही सेफ आहात का म्हणून. मी घाबरले गं. म्हटलं, हे पोलिसात गेलं तर? ह्यांचा इथे राहायचा पास गेला तर? झोपेत मारतात म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार आहे का? तूच बघ ना, तू आता काय समजलीस!"



"पण त्यांना तरी सांगायचं," मी म्हटलं.

"त्यांना? रंजना, त्यांचे वडील आईवर हात टाकायचे. ह्यांनी लहानपणी सगळं बघितलंय. लग्न झालं त्या आठवड्यात मला म्हणाले, आपल्या घरात आवाज चढणार नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, चढवला नाही. त्या माणसाला मी सांगू, की तुम्ही मला मारता?" त्यांनी माझा हात धरला. "तू पण नको सांगूस. शपथ आहे तुला."

आणि मला तेव्हा आठवला तो फॉर्म.

तीन महिन्यांपूर्वी सबनीसांकडे रविवारी जेवण होतं. आमच्या अभ्यासाला पन्नाशीच्या पुढचे भारतीय कंट्रोल कमी पडत होते. डॉ. लिम रोज विचारायच्या. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, माझी माणसं आहेत ना, मी आणते. आणि फॉर्म घेऊन थेट पंगतीत गेले. मसालेभात झाला, श्रीखंड झालं, आणि हॉलमध्ये आठ-दहा जणांसमोर मी सबनीसांना प्रश्न विचारत खुणा करत गेले. डोकेदुखी? नाही. फिट्स? नाही. मग आलं झोपेचं पान. त्याच्या वर ठळक लिहिलं होतं: हे पान बेड पार्टनरनं, म्हणजे जो शेजारी झोपतो त्यानं, एकट्यानं बसून भरावं. पहिला प्रश्न, तुम्ही दोघं एका पलंगावर झोपता का. दुसरा, ही व्यक्ती झोपेत ओरडते, मारते, लाथा झाडते असं कधी पाहिलंय का.

आता मला सांगा, वयानं मोठ्या जोडप्याला, त्यांच्याच घरी, त्यांचंच श्रीखंड खाऊन, भर हॉलमध्ये हे कसं विचारायचं? माझी जीभ रेटेना. मी पहिला प्रश्न गाळला. दुसरा हसत हसत सबनीसांनाच विचारला, "झोपेत कोणाला मारत बिरत नाही ना हो?" ते म्हणाले, "छे! घोरतो फक्त, अशी तक्रार आहे." सगळे हसले. अनघाताई विड्यांचं तबक घेऊन त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी तबक पुढे केलं. मी बायकोच्या रकान्यात बायकोला न विचारता "नाही"वर खूण केली, आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी केलीही. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे त्यांना जितकं अंगवळणी होतं तितकंच, चार माणसांत असलं विचारायचं नाही, हे मला. आपलीच तर माणसं, असं म्हणत मी तो कागद पुढे सरकवला.

फूडकोर्टात मी अनघाताईंना हे सगळं सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं. पुढे काय होऊ शकतं तेही, कारण ते आमच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. फोटोबद्दल बोलले नाही. तो माझा अधिकार नव्हता.

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "ते पार्किन्सन्स थांबवायचं औषध आहे?"

"थांबवायचं नाही. झोपेतल्या मारामारीवर आहे."

"मग कळून काय उपयोग? उद्यापासून रोज सकाळी हात थरथरतोय का बघत बसायचं?"

 ह्याचं खात्रीचं उत्तर आजही माझ्याजवळ नाही. मी एवढंच म्हटलं, "उपयोगाचं मला माहीत नाही. पण माझा फॉर्म खोटा आहे आणि तो मला आजच बॉसला सांगावा लागणार. तुमचं सांगण्याआधी मी तुमची परवानगी मागतेय."

"माझं सांगितल्याशिवाय तुझं कसं सांगशील?"

"तेच तर."

त्यांनी डोळे पुसले. "सांग बाई. पण ह्यांना नको."

डॉ. लिमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"प्रश्न वाचला नाहीस आणि उत्तर लिहिलंस?"

"हो."

"का?"

"लाज वाटली."

"लाज वाटली," त्यांनी मान हलवली. "अठरा वर्षं लोकांना गाऊन घालून मशीनमध्ये झोपवतेस, आणि पलंग म्हणायला लाज वाटली! डेव्हिएशन रिपोर्ट आजच्या आज." डेव्हिएशन म्हणजे नियम मोडल्याची लेखी कबुली. ती फाइलला कायमची लागते. "आणि फॉर्म पुन्हा घे. तूच घे. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून. दोघांचा वेगवेगळ्या खोलीत."

मी विचारलं, "फोटोचं त्यांना सांगायचं का?"

"फोटो काही बोलत नाही, तर आपण काय सांगणार? तो रिसर्चचा फोटो आहे, त्यावर निदान होत नाही. पण बायकोला जे माहीत आहे त्यावर होऊ शकतं. त्यानं स्लीप क्लिनिकला जायला हवं. ते तू त्याला सांगू शकत नाहीस. तिचं उत्तर तिचं आहे. ती सांगू शकते."

"ती नाही सांगणार."

"मग तिला सांगावंसं वाटेल असं काहीतरी कर," डॉ. लिम म्हणाल्या आणि कम्प्युटरकडे वळल्या.

अनघाताईंना मी एका खोलीत कोरं पान देऊन बसवलं. दुसऱ्या खोलीत सबनीस. टेस्ट चांगली झाली म्हणून खुशीत होते. मी म्हटलं, झोपेचं पान माझ्या चुकीमुळे पुन्हा भरायचंय. आणि या वेळी खाली मान न घालता विचारलं, "तुम्ही आणि अनघाताई एका पलंगावर झोपता का?"

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "हे मेंदूच्या फोटोला लागतं?"

"लागतं."

"मुलगा गेला तेव्हापासून नाही."

"कारण?"

"मी घोरतो." मग थोडं थांबून, "असं ती म्हणते."

मी लिहीत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मेश्रामबाई, फोनमध्ये एक ॲप असतं. झोपेतला आवाज रेकॉर्ड करतं. मी चार रात्री लावून ठेवलं होतं. मी घोरत नाही हो. एकदा कुठेतरी माणूस बोलल्यासारखा आवाज होता, तो शेजारच्या टीव्हीचा असेल. बाकी काही नाही."

"मग तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"काय विचारणार? समजून गेलो. कंटाळली असेल माझा. मी काही फार मजेदार नवरा नाही. ऑफिस, घर, रविवारी लिटिल इंडियात जाऊन कढीपत्ता. तिनं निदान घोरण्याचं निमित्त काढलं, तोंडावर बोलून दाखवलं नाही, एवढा तिचा चांगुलपणा." ते हसले. "सगळे घोरण्यावरून चिडवतात तेव्हा मला बरंच वाटतं. लोकांना खरं वाटतंय म्हणून."

मला एकदम रडू यायला लागलं. मी पेन पडल्याचं नाटक करून टेबलाखाली वाकले.

पलीकडच्या खोलीत अनघाताईंनी पान भरून मागची बाजूही भरली होती. आता माझ्या एका हातात त्याचा कागद, एका हातात तिचा. तिला वाटत होतं, सांगितलं तर नवरा मोडून पडेल. तो न सांगितल्यानंच तीन वर्षं आतून मोडलेला होता. आणि मी कागदांची राखणदार. त्याचं तिला सांगायची मला बंदी, तिचं त्याला सांगायची बंदी.

मी दोघांना एका खोलीत बोलावलं. टेबलावर ज्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "सही करायच्या आधी एकदा वाचून घ्या. आपापला. मी हे कागद कोणालाही दाखवू शकत नाही. पण तुमचा कागद तुमचा आहे. तुम्ही तो कोणाला दाखवायचा, ते तुमचं तुम्ही बघा." मग अनघाताईंकडे बघून म्हटलं, "ताई, मी तुमच्या जागी असते ना, तर त्यांचा वाचायला मागितला असता. बस, मी काही बोलले नाही."

आणि मी बाहेर येऊन उभी राहिले. दाराला उभी काच होती. बघायला नको होतं, पण मी पाहिलं. दोघांनी आपापला कागद वाचला. मग अनघाताईंनी हात पुढे केला. सबनीस कागद देईनात. अनघाताईंनी तो त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, वाचला, आणि कपाळावर हात मारला. मग आपला कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सबनीस दोन्ही बाजू वाचायला फार वेळ लावत होते. वाचून झाल्यावर ते उठून अनघाताईंच्या शेजारी गेले आणि त्यांनी बायकोची बाही स्वतःच्या हातानं वर केली. मी तिथून निघून गेले.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं. सबनीसांचे डोळे सुजले होते. "हे मी केलं?" ते मला विचारत होते.

"तुमच्या झोपेनं केलं."

"आणि ही मला सांगत नाही! अहो, मी मुलाच्या खोलीत गेलो असतो, बाहेर सोफ्यावर झोपलो असतो!"

"सोफ्यावरून पडला असता," अनघाताई नाक पुसत म्हणाल्या.

डॉ. लिमनी त्याच दिवशी एका हॉस्पिटलच्या स्लीप क्लिनिकसाठी पत्र दिलं. तिथे एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवतात आणि व्हिडिओ घेतात. दहा दिवसांनी रिझल्टच्या अपॉइंटमेंटला सबनीसांनी मलाही यायला सांगितलं. इंग्लिश त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं, पण त्यांना तिसरं माणूस हवं होतं. गेले ते बरं झालं, कारण तिथे माझं वेगळंच काम निघालं.

क्लिनिकचा डॉक्टर तमिळ होता, तरुण. म्हणाला, तपासणीत स्पष्ट आहे, स्वप्न पडत असताना स्नायू बंद होत नाहीत. आरबीडी आहे. मग त्यानं व्हिडिओ लावला. "हे काय बोलतायत ते आम्हाला कळलं नाही. रिपोर्टमध्ये लिहायचंय. तुमच्यापैकी कोणी सांगाल?"

स्क्रीनवर सबनीस पलंगावर झोपले होते. एकदम पाय झाडायला लागले. मग डावा हात जोरात मागे फेकला, शेजारच्या उशीवर, आणि उजव्या हातानं समोर हवेत गुद्दे. आणि ओरडणं. मी त्या माणसाचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "अनघा, मागे हो! मागे हो म्हणतो ना! ए, हात लावशील तिला तर बघ! मागे हो, अनघा!"

 सबनीस खाली बघत होते. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, "कोणीतरी हल्ला करतंय. ते बायकोला सांगतायत, माझ्या मागे हो. आणि त्या माणसाला सांगतायत, तिला हात लावू नको."

"आणि डावा हात?"

"तिला मागे ढकलतायत."

अनघाताईंनी स्वतःचा हात धरला. घरच्या पलंगावर डावी बाजू त्यांची होती. जेव्हा जेव्हा शेजारी झोपल्या, तेव्हा त्या त्याच बाजूला मार खात होत्या.

मग डॉक्टरनं पुढचं सांगितलं. रात्रीसाठी औषध आहे, पलंग बुटका करा, आजूबाजूला टोकदार काही ठेवू नका. आणि मग जड आवाजात, पुढच्या धोक्याचं. पुष्कळांना होतो, कधी होईल सांगता येत नाही, थांबवायचं औषध आज नाही, दर वर्षी तपासून घ्या. तो फार चांगला बोलला. पण बोलता बोलता थांबला, कारण सबनीसांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"मिस्टर सबनीस, मी काय सांगतोय ते तुम्हाला समजलं का?"

"समजलं, डॉक्टर. मला पार्किन्सन्स होऊ शकतो."

"मग?"

"मग होऊ दे," सबनीस म्हणाले. "ही मला कंटाळलेली नाही."

त्या डॉक्टरला काय कळलं कोण जाणे. मी मात्र अनघाताईंच्या पाकिटातला टिश्यू मागून घेतला.

बेडोकच्या घरात मोठा पलंग निघाला आणि एकाच खोलीत दोन बुटके पलंग आले, मध्ये हातभर जागा आणि तिथे जमिनीवर, कोणी पडलं तर लागू नये म्हणून, गादी. औषध लागू पडलं, पूर्ण नाही, पण बरंच. पार्किन्सन्सही आला, काही वर्षांनी, डावा पाय ओढायला लागला तेव्हा कळलं; मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते. तोपर्यंत सबनीसांनी नोकरी सोडली होती आणि दोघं पुण्याला परतले होते; जे साठीनंतर करणार होते ते त्यांनी आधीच केलं. अनघाताईंचा तो प्रश्न, कळून काय उपयोग, मी त्यांना फोनवर एकदा परत विचारला. त्या म्हणाल्या, "आजाराचं कळून काहीच नाही गं. तो तसाही येणारच होता. पण बाकीचं कळलं ना." आणि मग फोन सबनीसांना दिला.

माझा डेव्हिएशन रिपोर्ट फाइलला आहे. त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट झालं नाही, ते योग्यच होतं. सबनीसांचा फोटो कंट्रोलच्या यादीतून निघून पेशंटच्या यादीत गेला. आता फॉर्म भरून घेणारी नवीन कोऑर्डिनेटर कामाला लागली की मी तिला पहिल्या दिवशी समोर बसवते आणि तो पलंगाचा प्रश्न मलाच मोठ्यानं विचारायला लावते. पोरी लाजतात, हसतात, काही जणी प्रश्न गाळून पुढे जायला बघतात. मी म्हणते, विचारता येत नसेल तर जागा कोरी सोड. कोरी जागा दिसली की कोणीतरी पुन्हा विचारायला जातं. "नाही" लिहिलेलं असलं की कोणी जात नाही.